आतून घासायचा राहिलेला एल्बो

भावोजी,

तुमच्या हत्यारांच्या पेटीतला तो एल्बो आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. तांब्याचा, अर्ध्या इंचाचा, पाइप काटकोनात वळवायचा असला की लावतात तो. त्याच्या एका तोंडात डोकावून बघितलं की अर्ध्या भागाला जोडात वितळवून भरलेल्या डाखाची चकाकी दिसते आणि उरलेला अर्धा काळाकुट्ट. त्या काळ्या अर्ध्याचा धनी मी आहे.

तुम्ही गेलात त्याला आज चौदा दिवस झाले. भेटायला येणारा प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल काहीतरी चांगलं सांगून जातो आणि मी मान हलवतो. तुमच्या सासरच्या, म्हणजे आमच्या, प्रत्येक घरातला नळ तुमच्या हातचा, अडीनडीला कुणाला कधी नाही म्हटलं नाहीत, सगळं खरं आहे. पण माझ्या घरी जे झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोललो, त्याचा दोष तुम्ही स्वतःवर घेतलात आणि मी तो घेऊ दिला. दोन वर्षं मला हे तुमच्यापुढे कबूल करायचं होतं. आता तुम्ही उलट बोलू शकत नाही म्हणून लिहायला बसलोय, एवढा मी शूर.

घर बांधायला काढलं तेव्हाच आपलं वाजलं होतं. वडप्याला हायवेपासून थोडं आत, जुन्या घराच्या जागी मी स्लॅबचं घर बांधत होतो. गच्चीवर सोलर आणि तिथून खाली न्हाणीघरात गरम पाण्याची लाइन. मी म्हणत होतो, प्लास्टिकचा पाइप टाकू, चिकटवला की झालं, आजकाल सगळे तेच टाकतात. तुम्ही मस्कतला सोळा वर्षं पाइप फिटर होतात. तुम्ही म्हणालात, "गरम पान्याला तांबाच. मी असताना तुझ्या घरात चिकटवाचिकटवी न्हाय व्हायची."

"भावोजी, हे मस्कत नाही."

"पानी तिथं पन गरमच होता."

हा वाद अजून मिटलेला नाही. माझं आजही म्हणणं आहे की प्लास्टिक चाललं असतं. प्लास्टिक असतं तर घासायचं नसतं, आणि घासायचं नसतं तर मी खोटं बोललो नसतो. बघा, अजून मी पाइपवरच ढकलतोय.

मला सुट्टी रविवारची. काल्हेरच्या गोडाउनमध्ये सुपरवायझर म्हणून सहा दिवस मी दुसऱ्यांना कामाला लावतो, रविवारी तुम्ही मला लावायचात. भिवंडीहून बाइकवर यायचात, मागे पेटी बांधलेली. तुम्ही आलात हे गाडीच्या आवाजानं नाही, तुमच्याच आवाजानं कळायचं. तुमच्या घराच्या दोन्ही बाजूंना लूम, त्यामुळे हळू बोलणं तुम्हाला माहीतच नव्हतं. ताई म्हणायची, हे कानात सांगायला लागले तरी समोरच्या चाळीला कळतं.

मला वाटलं होतं, खरं काम म्हणजे ती गॅसची निळी ज्योत. तिला तर तुम्ही मला हातही लावू दिला नाहीत. माझ्या हातात दिलात पॉलिश पेपर. "डाख द्यायला दोन मिन्टा लागतात," तुम्ही म्हणालात, "काम त्याच्या आधी असतो." कटर पाइपवर लावून हळूहळू गोल फिरवायचा, घाई केली की पाइप चेपतो. कापल्यावर आतल्या बाजूला बारीक धार उभी राहते, ती कानशीनं काढायची. मग पाइपचं टोक घासायचं, चहूबाजूंनी गुलाबी दिसेपर्यंत. त्यानंतर एल्बोचं तोंड आतून घासायचं, तारेच्या छोट्या ब्रशनं. हे सगळ्यात कंटाळवाणं, कारण केलेलं दिसत काहीच नाही, बोटं तेवढी दुखतात. घासून झालं की कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि पुन्हा त्याला बोट लावायचं नाही. मग पेस्ट, मग दोन्ही तुकडे एकात एक बसवून थोडेसे फिरवायचे, आणि त्याच दिवशी डाख. आज घासलेलं उद्या चालत नाही, हवेनं तांबं पुन्हा मळतं. हे सगळं तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की गोडाउनमध्येही माझ्या तोंडून "पुसलंस का, पुसलंस का" निघायला लागलं होतं.

एका रविवारी आईनं सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. जेवून मी सरळ कामाला बसलो. तुम्ही माझा हात ओढून नाकाशी धरलात. "बोंबील खाऊन तांब्याला हात लावतोस? डाख काय मांजर हाय, वासानं येल?" मी साबणानं दोनदा हात धुतले. तुम्ही पुन्हा वास घेतलात आणि तिसऱ्यांदा धुवायला पाठवलंत.

आणि तो पाव. जुन्या टाकीची लाइन नव्या लाइनला जोडायची होती, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईना, पाइपच्या तोंडाशी एकेक थेंब येतच राहिला. ओल्या पाइपला डाख धरत नाही. मी म्हटलं, झालं, आता पुढच्या रविवारी. तुम्ही नाक्यावरून वडापाव मागवलात, वडा खाल्लात आणि पावाच्या आतला मऊ भाग मळून, त्याची गोळी करून बोटानं पाइपात सारलीत. पावानं पाणी धरून ठेवलं, तेवढ्यात तुम्ही जोड देऊन मोकळे. मस्कतला केरळचा एक फोरमन होता, त्यानं शिकवलं म्हणालात, तिथं खुबूस, म्हणजे अरबी रोटी, वापरायचे. संध्याकाळी नळाची जाळी काढून पाणी सोडलं तर आधी पावाचा लगदा पडला. आई म्हणाली, "जावयांनी माझ्या नळाला पन जेवू घातला." तुम्ही एवढे हसलात की गवंडी काम सोडून बघायला आला.

मला माझ्या उभ्या आयुष्यात कुणी इतक्या मायेनं काही शिकवलेलं नाही, भावोजी. वडील लवकर गेले, शाळेत मास्तरांना आमची नावंही पाठ नव्हती, गोडाउनमध्ये जे शिकलो ते शिव्या खाऊन. त्या रविवारांची मी वाट बघायचो. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

शेवटचा जोड न्हाणीघराच्या भिंतीतल्या खाचेत होता. त्या दिवशी गोडाउनमधून फोनवर फोन येत होते. एक ट्रेलर गेटमध्ये अडकला होता, ड्रायव्हर आणि वॉचमन एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि दोघांनाही मीच हवा होतो. तुम्ही गच्चीवर होतात. पाइपचं टोक मी नीट घासलं. एल्बो हातात घेतला, तेवढ्यात पुन्हा फोन. फोन खांद्यानं कानाशी दाबून मी एल्बोच्या तोंडाला आतून तशीच पेस्ट फासली. पेस्ट लागली की आतलं काळं दिसत नाही. हे मला माहीत होतं. तुम्हीच शिकवलं होतंत, म्हणून तर तुम्ही पेस्ट लावायच्या आधी प्रत्येक टोक उजेडात धरून बघायचात.

तुम्ही खाली उतरलात.

"घासलास?"

"घासला."

"आतून?"

"आतून पण."

तुम्ही एल्बो हातात घेतलात. मला वाटलं, आता फडक्यानं पुसून बघणार. तुम्ही म्हणालात, "आता तुझा बगायला नको. हात बसला तुझा." आणि बर्नर पेटवलात.

मला त्या वेळी लाज वाटली नाही. बरं वाटलं. शाबासकी मिळाली म्हणून बरं वाटलं. एल्बो परत मागून घेतला असता तर दोन मिनिटांत घासून झाला असता, तुम्ही एक टपली मारली असतीत आणि विषय संपला असता. जोड बाहेरून सुरेख दिसत होता, सगळीकडून चकचकीत कडी. पाणी सोडून बघितलं, थेंब नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्यावर टाइल्स बसल्या आणि मी सगळं विसरूनही गेलो. आत वाळलेल्या पेस्टनं काही दिवस पाणी अडवून धरलं होतं, गरम पाण्यानं ती हळूहळू धुऊन गेली, हे तुम्ही नंतर सगळ्यांना समजावून सांगितलंत. सांगताना माझ्याकडे बघितलं नाहीत.

ती पेस्ट सुटली बरोबर वास्तुशांतीच्या दिवशी. मी आणि वैशाली पाटावर बसलेलो, हॉल पाहुण्यांनी भरलेला, आणि न्हाणीघराच्या भिंतीखालून पाण्याचा ओघळ निघाला. आधी रांगोळी गेली, मग चौरंगाखालचे तांदूळ भिजले. गुरुजींनी पाय वर घेतले. आमचे बाबूकाका, ज्यांना गप्प बसणं कधी जमलेलं नाही, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोला वर्सं मस्कतला जावई काय शिकला? पूजेत पानी सोडायला?"

सगळा हॉल हसला. ताईसुद्धा हसली, पण तिचा चेहरा मी बघितला.

तुम्ही पांढरा शर्ट घातला होतात, घडी मोडलेली त्याच दिवशी. तसेच उठलात, गच्चीवरून पाणी बंद केलंत, टाइल फोडलीत, जोड तापवून एल्बो ओढून काढलात. मी बादली धरून बाजूला उभा होतो. तुम्ही एल्बोचं तोंड खिडकीच्या उजेडात धरलंत आणि आत बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्यात राग असता तर मला तो आज आठवून आठवून तरी भोगता आला असता. तुम्ही नुसतं बघितलंत, जसं मी पाइप चेपल्यावर बघायचात.

बाबूकाका दारात येऊन उभे राहिले. "काय झाला, जावई?"

तेव्हा तुम्ही हळू बोललात. पहिल्यांदा मी तुम्हाला हळू बोलताना ऐकलं. "आतून घासायचा राहिला माझ्याकडनं." आणि एल्बो खिशात टाकलात.

मला तोंड उघडायला तिथं जागा होती. भरपूर जागा होती. तुम्ही पेटीतून नवा एल्बो काढलात आणि घासायला घेतलात. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणालात, "तू पूजेला बस." आणि मी जाऊन पूजेला बसलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. पण खोटं बोललेल्या माणसाला ते सांभाळावं लागतं. पाहुणे गेल्यावर वैशालीनं विचारलं, भावोजींचं असं कसं झालं? मी म्हटलं, वय झालं त्यांचं. पुढे काल्हेरला आमच्या शेठच्या ओळखीतलं कुणीतरी बंगला बांधत होतं. शेठनं मला विचारलं, तुझे भावोजी तांब्याचं काम करतात ना? मी म्हटलं, "करायचे. आता दुसरा कुणी बघा." तुम्ही त्या घरी गेलात, बोलता बोलता आमच्या पूजेचा विषय निघाला आणि खरं बाहेर आलं तर, ही भीती. तुम्ही कधी ते बाहेर काढलं नसतंत हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही मी तुमचं काम तोडलं. हे तर तुम्हाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आता कळलं.

तिकडे ताईनंही तेच केलं. हात चुकायला लागला, आता बास, म्हणाली आणि पेटी माळ्यावर टाकली. मी भिवंडीला यायचो तेव्हा तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलेले असायचात. बाजूला लूमचा खडखडाट चालू आणि तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला विचारणार, काय रे, पानी आला का? कुणाचा नळ बिघडला असेल तर लगेच अर्धे उठायचात. आतून ताईचा आवाज यायचा. तुम्ही परत बसायचात. मी चहा पिऊन निघून यायचो.

आमच्याकडे आलात की मात्र हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीघरात जायचात आणि त्या टाइलवर तळवा ठेवून बघायचात. दर वेळी. मी दारातून बघायचो आणि तुम्ही वळायच्या आत बाजूला व्हायचो.

गेल्या थंडीत वडपे नाक्यावर आपण चहा घेत होतो, आठवतं? कंटेनर जात होते, धूळ उडत होती. तुम्ही एकदम म्हणालात, "विलास, तो एल्बो..."

मी म्हटलं, "भावोजी, चहा घ्या, गार होतोय."

तुम्ही चहा घेतलात. पुढचं वाक्य काय होतं? चौदा दिवस मी ते वेगवेगळ्या तऱ्हेनं पुरं करून बघतोय. कधी तुम्ही मला झापता, कधी नुसतं हसता. मला वाटतं, तुम्ही मला वाट करून देत होतात. त्या घोटभर चहाचं निमित्त करून मी ती बंद केली.

अकराव्या दिवशी ताईनं मला माळ्यावरून पेटी काढायला लावली. म्हणाली, "तू घेऊन जा. त्यांनी कोनाला शिकवला असंल तर तुलाच." तिनं झाकण उघडलं. सगळी हत्यारं तेल लावून ठेवलेली. माळ्यावर असूनही तुम्ही कधीतरी चढून ती पुसत होतात, तिच्या नकळत. एका कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेला हा एल्बो.

"हा तुझ्या पूजेचा," ताई म्हणाली. "मी किती वेला बोल्ली, फेकून द्या. तर म्हनाले, र्‍हाऊ दे, माझी चूक हाय, डोल्यासमोर असलेली बरी."

म्हणजे तिलाही तुम्ही सांगितलं नव्हतंत. स्वतःच्या बायकोला. मी दोन वर्षं असं धरून चाललो होतो की घरात तरी तुम्ही खरं सांगितलं असेल, ताईला सगळं ठाऊक असेल आणि मोठेपणानं ती बोलत नसेल. तेवढ्यावर माझी झोप चालू होती.

मी सांगितलं. एल्बो आतून मी घासला नव्हता, भावोजींनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा खोटं बोललो. काल्हेरचं कामसुद्धा सांगितलं. ताई रडली नाही. एल्बो हातात घेऊन तिनं आत बोट फिरवलं.

"मंग मी दोन वर्सं त्यांना घरात का बसवला?"

तिनं ते बोट पदराला पुसलं.

"रोज म्हनायचे, यमुने, माझा हात बरा हाय, एक काम करून बघू दे. मी म्हनायची, पूजेत काय झाला ते बगितला ना." तिनं एल्बो खाली ठेवला. "तेव्हा का न्हाय बोल्लास?"

"लाज वाटली, ताई."

"आन् त्यांना न्हवती वाटत?"

मी म्हटलं, तेराव्याला सगळ्यांसमोर सांगतो. ती म्हणाली, "सांग. पन माझ्यासाठी सांगू नको."

काल सांगितलं. पंगत बसली होती, बहुतेक तीच माणसं जी माझ्या पूजेला होती. मी एल्बो हातात घेऊन उभा राहिलो आणि जे झालं ते सांगितलं, कुठंही स्वतःला सावरून न घेता. वाटलं होतं, कुणीतरी उठून माझी कॉलर धरेल. कुणी ओरडलं असतं तरी हलकं वाटलं असतं. त्या दिवशी मोठ्यानं हसलेला एक जण म्हणाला, "तरी मी बोलत होतो, जावयाचा काम असा नसायचा." बाबूकाकांनी पान पुढे ओढलं. मग म्हणाले, "जाऊ दे रे. आता त्याचा काय. भात आन इकडं." आणि पंगत पुढे सरकली. तुमच्यावर हसायला सगळ्यांना वेळ होता. हे ऐकायला कुणाला नव्हता, आणि तो दोन वर्षं गप्प राहून मीच घालवला होता. ताईनं माझ्या पानात वाढलं, सगळं वाढलं, मिठापर्यंत. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. ती कधी बघेल ते मला माहीत नाही, आणि तिला विचारायला मी जाणार नाही.

आज सकाळी अंघोळीला गेलो. सोलरचं पाणी छान तापलं होतं. नळ सोडायच्या आधी, तुम्ही ठेवायचात तिथं, त्याच टाइलवर तळवा ठेवून उभा राहिलो.

भिंत कोरडी आहे, भावोजी. तिथला एल्बो तुम्ही घासलेला आहे.